अर्धा वर गेलेला हात

शाळा सुटून तास होत आला होता. स्टाफरूममध्ये मी एकटीच वह्या तपासत बसले होते. पाचवीतल्या एका मुलीची आई धापा टाकत दारात आली.

"टीचर, पोरगी कुठाय माझी?"

आमची निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून मिनीबसने येतात. त्या दिवशी संध्याकाळची बस आलीच नव्हती. कुणी शेअर ऑटोत स्वतःला कोंबून घेतलं, कुणाला घरचे मोपेडवर घेऊन गेले. ही मुलगी कुणाबरोबर गेली, ते वॉचमनलाही सांगता येईना. तिची आई चार किलोमीटर चालत आली होती. "रस्त्याने निघाली असती, तर वाटेत भेटली नसती का मला?"

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. मुलगी रस्त्यावर नसेल, तर कुठे असेल ते मला ठाऊक होतं. ती वाट मीच सांगितली होती.

मी गणित शिकवते. शाब्दिक उदाहरण दिलं की मुलं आत काय लिहिलंय ते वाचतच नाहीत. दोन आकडे दिसले की बेरीज करून मोकळी. म्हणून दर शुक्रवारी मी एक गोष्ट रचून सांगायला लागले. गोष्टीतलं माणूस अडचणीत सापडलं की मी थांबायचे, आणि वाट मुलांनी काढायची. फळ्यावर तीनच प्रश्न असत: मला काय माहीत आहे? काय माहीत नाही? कुणाला विचारता येईल? "पोर्शन कधी संपणार?" असं हेडमिस्ट्रेसनी दोनदा विचारून झालं होतं. मी मान खाली घातली, गोष्टी मात्र चालू ठेवल्या. मी वाद घालत नाही, आणि ऐकतही नाही.

मागच्या शुक्रवारची गोष्ट बसमध्ये रोज झोपणाऱ्या मुलीची होती. एके दिवशी बस येत नाही. रोज झोपल्यामुळे तिला रस्ता माहीत नाही. आता?

"पोलिसाला विचारायचं!"

"मिस, मुळात झोपायचंच कशाला?"

वर्ग हसला. मग मी माझं उत्तर सांगितलं. शाळेमागून कालवा वाहतो, तिच्या घरामागूनही वाहतो, एवढं तिला माहीत आहे. पाण्याबरोबर चालत राहिली की घर! मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात खांद्यापर्यंत वर आला आणि तिथेच थांबला. तो हात मी पाहिला. शाळेत शिकताना बारा वर्षं मीही असाच हात वर नेऊन खाली घेत असे, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला कळतो. पण गोष्ट छान संपली होती. मी डस्टर उचललं आणि फळ्याकडे वळले.

तो हात याच मुलीचा होता.

"बसा, अक्का," मी स्कूटर काढत म्हणाले.

फाटकातून मी डावीकडे, कालव्याच्या बांधावर वळले. धरणाचं पाणी सोडून महिना झाला होता, कालवा काठोकाठ भरून वाहत होता. बांधावरची माती ओली होती, चाक सारखं घसरत होतं.

"इकडे कुठे, टीचर? रस्ता तिकडे आहे."

आरशात तिचे डोळे दिसत होते. ती समोर पाहत नव्हती, पाण्याकडे पाहत होती.

"तुम्हाला कसं कळलं ती इकडे आली असेल?"

पुढे पाण्यात निळं काहीतरी तरंगत होतं. आमचा युनिफॉर्म निळा आहे. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. ते जवळ आलं. खताची रिकामी पिशवी होती.

तेव्हा मी सगळं सांगितलं. गोष्ट, कालवा, टाळ्या. हाताचं सोडून सगळं.

ती म्हणाली, "पाणी धरून घरी यायला ती काय म्हैस आहे?"

उन्हं नारळांच्या शेंड्यांवर गेली होती. एका वळणानंतर सिमेंटचा चौथरा दिसला, त्यावर पाणी अडवायची लोखंडी झडप. तिथून कालव्याला दोन फाटे फुटत होते, दोन्ही सारखेच रुंद, दोन्ही काठांनी सारखाच भात. मी शहरात वाढले. पाण्याला फाटे फुटतात हे माझ्या गोष्टीत आलंच नव्हतं.

चौथऱ्यावर ती बसली होती. दप्तर मांडीवर, बूट काढून शेजारी नीट ठेवलेले.

आई उतरून धावली. आधी पाठीत एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं. मी स्कूटर स्टँडवर लावली.

"इथं काय करत होतीस गं?"

"कोणतं पाणी आपलं ते माहीत नाही. विचारायला कुणी नव्हतं. म्हणून पुढे गेले नाही."

आई माझ्याकडे वळली. "टीचर, हिला गोष्टी नकोत. गणित शिकवा."

"अम्मा, ते गणितच होतं," मुलगी म्हणाली. "फक्त मिसच्या गोष्टीत एकच पाणी होतं."

आता बोलले नसते, तर पुन्हा कधीच बोलले नसते. "त्या दिवशी तू हेच विचारणार होतीस ना?" मी म्हणाले. "तुझा हात मी पाहिला होता."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मुलगी खाली वाकून बूट घालत होती.

"माहीत आहे, मिस," ती लेस बांधत म्हणाली. "तुम्ही बघितलंत, ते मी बघितलं."