बोंबील कोण बघेल?

"कोविड आहे," पालघरचे डॉक्टर म्हणाले आणि लगेच विचारलं, "लस घेतली होती?"

"नाय."

"का?"

"बोंबील वाळत होते."

मास्कमागे ते हसले की चिडले, कळलं नाही. पण मी खरं तेच सांगितलं. दातिवऱ्यात लसीचं शिबिर लागलं तेव्हा आमच्या वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या दोऱ्यांवर, ताजा माल लटकत होता. लस घेतली की ताप, आणि मी अंथरुणात पडले की कावळ्यांची चंगळ. लोक म्हणत, कोळणी अफवांना भ्यायल्या. अफवा होत्याच, पण माझ्यासारख्या बोंबलांपायी अडलेल्याही कमी नव्हत्या. मी गेले नाही, म्हणून सासूबाईही गेल्या नाहीत.

माझं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, अठ्ठ्याऐंशीवर आलं होतं. नऊ दिवस नाकात नळी. धास्ती मात्र सासूबाईंची. त्यांना दमा. माझ्यामुळे त्यांना झालं तर? त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मी वॉर्डातच रडले.

घरी आले आणि पुन्हा शिबिर लागलं. सासूबाईंचं तेच, "मी पडले तर बोंबील कोन बगेल?"

"मी!" मला डॉक्टरांनी लसीसाठी तीन महिने थांबायला सांगितलं होतं, म्हणजे ताप यायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या चौघींनाही सांगितलं, "तुमी जा, तुमच्या वलांड्या मी बगते." पाचही जणी नटूनथटून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चौघी तापाने पडल्या. सासूबाई ठणठणीत! सकाळीच वलांडीपाशी आल्या. बोंबलांची जोडी जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकतात. माझ्या निम्म्या जोड्या वाळूत पडल्या होत्या.

"लसीनं ताप नाय आला, तुजे बोंबील बगून येल आता!"

"आजारानं हातात जोर नाय अजून."

त्यांनी माझ्या हातातले बोंबील काढून घेतले. मला उपड्या टोपलीवर बसवलं आणि स्वतः जोड्या लावू लागल्या. लस घेतलेली कामाला आणि बोंबील बघणारी बसून, मी खूप हसले. आजारानंतर पहिल्यांदाच हसताना खोकला आला नाही.

तुमच्या घरात कोणी लस नको म्हणत असेल, तर आधी विचारा, काम कशावर अडलंय. मग ते काम अंगावर घ्या.

तीन महिन्यांनी माझी पाळी आली. भर पावसाळा, होड्या किनाऱ्यावर, वलांड्या रिकाम्या. तरी सासूबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "जा पोरी, बोंबील मी बगते."