बारापैकी शून्य

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं, कारण गोष्ट मामाची आहे आणि त्यातली घोडचूक माझी. पण काल मामीचा फोन आला, "लिही गं, कळू दे सगळ्यांना, तुझा मामा बहिरा नाहीये," आणि मी बसलेच.

माझा मामा अ‍ॅम्प दुरुस्त करतो. अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा, बेसचा आवाज मोठा करणारी ती जड पेटी. घराच्या जिन्याखाली त्याची कामाची खोली आहे. खिडकी एकच, तीही उंचावर, त्यामुळे दुपारी तीनला उन्हाचा एक चौकोन स्टुलापाशी येतो, मग हळूहळू टेबलावर चढतो आणि पाचला भिंतीला टेकून झोपतो. लहानपणी सुट्टीत मी त्या चौकोनात बसून राहायचे. मामा जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं बटण दाबायचा आणि मग काहीच व्हायचं नाही. काचेच्या नळ्यांमध्ये केशरी उजेड अगदी सावकाश भरत जायचा. "थांब," मामा म्हणायचा, "उठतंय ते झोपेतून." मग लांबून कुणी चालत यावं तसा आवाज यायचा. अजूनही कुठलंही गाणं सुरू होण्याआधी मला ती शांतता ऐकू येते, खरंच.

तर झालं असं की दोन महिन्यांपूर्वी एक बेस वाजवणारा गिऱ्हाईक दुरुस्त केलेला अ‍ॅम्प परत घेऊन आला. "काका, घरघर तशीच आहे."

मामाने अ‍ॅम्प लावला, आधी उजवा कान टेकवला, मग डावा. "कुठे आहे?"

"ही काय, चालूच आहे की!"

मलाही ऐकू येत होती. मी गप्प बसले. जाता जाता तो सहज म्हणाला, "वय झालं की होतंच, काका." वाईट मनाने नाही म्हणाला, पण मामा त्या दिवशी ताटावरून अर्धवट उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं. मला तो वादळ म्हणतो. "वादळ, माझी परीक्षा घ्यायची आहे तुला."

त्याच्याकडे स्पीकरचे दोन बॉक्स आहेत. तपकिरी त्याने पंचविशीत स्वतः लाकूड कापून बनवलेला, काळा कारखान्यातला. "या दोघांतला फरक मला कळत नसेल ना, तर लोकांच्या अ‍ॅम्पला हात लावायचा मला हक्क नाही. हत्यारं देऊन टाकीन सगळी."

मामी दारातच उभी होती. "माझी हाक ऐकू येत नाही यांना, आणि चार घरं सोडून कुणाची तार तुटली की उठून बसतात. ह्याची घे परीक्षा!"

पण एक अडचण होती. एक बॉक्स काढून दुसरा लावायचा म्हणजे अ‍ॅम्प बंद करा, वायर बदला, पुन्हा चालू करा, पुन्हा तो जागा होईपर्यंत थांबा. तोवर कान आधीचा आवाज विसरून जातो. म्हणून मामाने पायाने दाबायचा स्विच बनवायला घेतला. पायखटका म्हणायचा त्याला. अ‍ॅम्प एकच, पायाने दाबलं की आवाज तपकिरीतून, पुन्हा दाबलं की काळ्यातून.

तीन दुपारी आम्ही त्यात घालवल्या. पत्र्याची डबी, वर एक खटका, दोन दिवे. हिरवा म्हणजे तपकिरी, लाल म्हणजे काळा. डबीत त्याने एक जाडजूड रेझिस्टरही बसवला. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाला, "एका बॉक्सवरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर दोन्ही सुटतात. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला सतत ओझं लागतं गं. रिकामा चालू ठेवलास तर आतल्या आत जळतो. तेवढा क्षणभर हा ओझं धरून ठेवतो." आणि सोल्डरच्या धुरातून माझ्याकडे बघून असा हसला की मला वाटलं आपण कॉलेज-बिलेज सोडून इथेच राहावं.

परीक्षेच्या दिवशी बॉक्स एकावर एक ठेवून पुढे चादर टांगली. मामाचे गुडघे दुखतात, म्हणून वायरी मी लावणार होते. "डबीत डावीकडे तपकिरी, उजवीकडे काळा," तो म्हणाला. "हो हो, माहितीये," म्हणत मी चादरीमागे घुसले आणि पटापट पिना खुपसल्या.

मामा चादरीकडे पाठ करून गिटार घेऊन बसला. एकच सूर छेडायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचा. मी खटका दाबायचे किंवा नुसतंच दाबल्यासारखं करायचे, दिवा बघायचे आणि कागदावर लिहायचे. मला स्वतःला, खोटं कशाला बोलू, दोन्ही सारखेच वाटत होते.

"तपकिरी," मामा म्हणायचा. दिवा लाल.

"काळा." दिवा हिरवा.

ऊन टेबलावरून भिंतीवर चढत होतं, सूर विरत होते, आणि माझ्या कागदावर फुल्याच फुल्या. सातव्या-आठव्या वेळेला मला रडू यायला लागलं, पण मी खटका दाबत राहिले. बारा झाले.

"किती?"

"मामा, आपण परत—"

"आकडा सांग."

"शून्य."

त्याने गिटार खाली ठेवली. "शाळेतसुद्धा इतके कमी नव्हते पडले," म्हणाला. मग उठून स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून पुसले आणि फडक्यात गुंडाळायला लागला. इतक्या हळू, जसं बाळाला गुंडाळतात. मला बघवेना. मी चप्पल घातली आणि निघाले, नीट निरोपही घेतला नाही.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून रडत होते. रिकामा अ‍ॅम्प आतल्या आत जळतो, हेच डोक्यात. मैत्रिणीला मेसेज टाकला, 'शून्य यार, बारापैकी शून्य.' तिचं उत्तर आलं, 'एकही नाही? तुक्क्यानेसुद्धा?'

तुक्क्यानेसुद्धा.

मी उभीच राहिले. छापा-काटा केला असता तरी पाच-सहा बरोबर आले असते! बाराच्या बारा चुकवायला फरक अगदी स्वच्छ कळावा लागतो. आणि मग मला आठवलं की मी चादरीमागे होते, डबीची पाठ माझ्याकडे होती, आणि मी डावं धरलं ते माझं डावं.

पुढच्या थांब्यावर उतरून पळत सुटले. खोलीत फडक्याची गाठ बांधून झाली होती. मामी स्टुलावर बसली होती आणि चक्क गप्प होती, ते बघून मला जास्त भीती वाटली. मी सरळ चादरीमागे शिरले, तपकिरीची वायर हाताने धरून डबीपर्यंत आले.

"मामा! तपकिरी उजवीकडे लागलाय!"

मग मामा सावकाश म्हणाला, "म्हणजे मी जेव्हा तपकिरी म्हणत होतो..."

"तेव्हा तपकिरीच वाजत होता! बारापैकी बारा, मामा!"

"मग पास की नापास?" मामी म्हणाली. "काय ते एकदाच ठरवा, मला रडायचं की नाही ते कळू दे." आणि तोवर ती रडायला लागलीसुद्धा होती.

मामा माझ्याकडे बघत होता. "डावं-उजवं कळत नाही आणि पदवी घ्यायला निघालीस?" त्याने गाठ सोडली, अ‍ॅम्प लावला आणि तो उठेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो. मग चप्पल काढून अनवाणी पायाने त्यानेच खटका दाबला. एक सूर इकडे, एक तिकडे. आणि काय सांगू, मला पहिल्यांदा फरक कळला. काळा समोर येऊन बोलतो. तपकिरी शेजारच्या खोलीतून बोलतो, दार नुकतंच उघडल्यासारखा.

"पण ती घरघर मला ऐकू आली नव्हती, हे खरंच आहे हं," मामा म्हणाला.

"घरघर मी ऐकीन," मामीने डोळे पुसले. "तीस वर्षं तुमच्या शेजारी झोपतेय. माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?"

आणि खरंच, त्या बेसवाल्याचा अ‍ॅम्प दोघांनी मिळून दुरुस्त केला. मामा एकेक सांधा तपासायचा, मामी डोळे मिटून "आहे... आहे... गेली!" म्हणायची. आता तीच पद्धत झालीये.

तर तुम्ही जा ना मामाला भेटायला. कधीतरी नको, याच आठवड्यात जा. जिन्याखालचं दार नुसतं ढकललं की उघडतं. अ‍ॅम्प नसला तरी चालेल. तीनच्या सुमाराला जा, चौकोन स्टुलापाशी असतो तेव्हा, आणि खटक्यावर एकदा पाय ठेवून बघा. फक्त वायरी कुणी लावल्यात, ते आधी विचारून घ्या.