‘का गं’वाली धाकटी

स्वतःच्या लग्नात, डोक्याला मुंडावळ्या असताना, धाकटीने मला कोपराने ढोसून विचारलं होतं, "अक्का, हळदीच्या हाताला चुना लागला की लाल का होतंय ओ?" धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. जळकोटची, बारावी आर्ट्‌स. मी बीएस्सी केमिस्ट्री, सास्तूरजवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. उत्तर मला येत होतं, पण अक्षता पडत होत्या. तिने तोच प्रश्न मागच्या करवल्यांना विचारला, मग थेट भटजींना. मांडवभर हशा पिकला. माझ्या लग्नात कुणी एवढं हसलं नव्हतं, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं.

"मला न्हाय माहीत, विचारू की!" हे वाक्य ती अशा आनंदाने म्हणायची, जणू काही जत्रेलाच निघालीय. वर्गात इतकी वर्षं उभी राहून मला ते एकदाही जमलेलं नाही.

लॉकडाऊनमध्ये सगळे घरात अडकून पडले होते त्या दिवसांत तिने व्हॉट्सॲपवर ‘का गं’ नावाचा ग्रुप काढला. सास्तूरच्या बायका, तिच्या माहेरच्या बायका, आणि आम्ही घरचे. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवायचं. यूट्यूबवर विज्ञानाचा व्हिडिओ दिसला की ती खाली प्रश्न टाकायची आणि उत्तर देणाऱ्याला गोड बोलून ग्रुपात ओढायची. भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक असेच सापडले. "सर, घरी एकटंच असता ना? मग या की आमच्यात," म्हणाली, आणि ते आलेसुद्धा.

एकदा कुणीतरी विचारलं, ज्वारीच्या पिठाला कडक पाणी का लागतं? हा माझा प्रांत होता. मी स्टार्चवर चांगलं पानभर लिहिलं. एक अंगठा आला, तोही माझ्या नवऱ्याचा. धाकटीने मात्र सगळ्यांना गार, कोमट आणि उकळत्या पाण्यात पीठ मळायला लावलं. दुपारपर्यंत चिरलेल्या, फुगलेल्या, करपलेल्या भाकरींचे फोटो येत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आता अक्कांनी लिहिलंय ते वाचा, समदं कळतंय." म्हणजे माझं उत्तरही तिच्यामुळेच वाचलं गेलं. मी त्या दिवशी भाकरी न खाता उठले.

माझी लेक नववीत होती. अपवर्तन समजलं नाही की ती पुस्तक घेऊन माझ्यासमोरून सरळ काकूकडे जायची. दोघी पातेल्यात नाणं टाकून, वरून पाणी ओतत खिदळत बसायच्या. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत असायचे आणि माझी लाल रेघ उगाचच जाड व्हायची.

पण खरं लागलं ते सासूबाईंचं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची दोन वर्षांची लेक गेली होती. त्याबद्दल त्या घरात कधी बोलत नसत, आणि मीही विचारत नसे. एका दुपारी स्वयंपाकघरातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. धाकटीने फोन त्यांच्या तोंडाशी धरला होता.

"साहेब, त्या साली घरात पेव खणायचा हट्ट म्या धरला हुता. धान्य ठिवायला. सासू म्हणायची, तूच भुई फोडलीस. त्यानं तर न्हाय ना झालं?"

धाकटीने ते तसंच प्राध्यापकांना पाठवलं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "नाही, आई. खडक सरकला तो जमिनीत कित्येक किलोमीटर खाली. तिथे ताण साठायला फार मोठा काळ लागतो. तुमच्या पेवाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही."

सासूबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग परत एकदा. मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या, धाकटीच्या मांडीवर.

भूकंपाचा धडा मी दरवर्षी शिकवते. संध्याकाळी न राहवून मी म्हणाले, "आत्याबाई, मला विचारायचं होतं की."

"तुला कसं इचारू? तू शिकलेली, घरातली. तूच व्हय म्हणाली असतीस, तर म्या कुठं जायाचं हुतं?"

याचा अभिमान वाटावा की राग यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या वर्षी धाकट्या दिराला सोलापूरला नोकरी लागली. सामान टेम्पोत चढलं. सासूबाईंनी कमरेची चंची सोडून काळवंडलेले चांदीचे दोन वाळे काढले. ढिगाऱ्यातून सापडलेले, त्यांच्या लेकीचे. माझ्या लेकीच्या बारशाला ते निघाले नव्हते. असे वाळे घरात आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते धाकटीच्या तान्ह्या पोरीसाठी पुढे केले. धाकटीला रडू आवरेना, तिला ते घालता येईनात.

शेवटी मीच खाली बसले आणि पोरीच्या पायात वाळे घातले. जरा सैल होते. मी ते हलक्या हाताने दाबले, ओढून पाहिले, पुन्हा दाबले. वाटेत पडायला नको होते.