स्वतःचं मानपत्र

मुखेड तालुक्यातल्या आमच्या शाळेत कुणी निवृत्त झालं की शाल, श्रीफळ आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र द्यायची रीत आहे. मानपत्र लिहायचं काम माझं. मी मराठीचा मास्तर, त्यात कविता करणारा. म्हणजे गावाच्या लेखी मी शब्दांचं दुकान मांडूनच बसलेलो. लग्नात मामा-काकांची नावं गुंफलेली मंगलाष्टकं, पुढारी आले की स्वागतगीत, कुणी गेलं की तेराव्याला श्रद्धांजली, सगळं माझ्याच गळ्यात. माझ्या स्वतःच्या कविता दोन वह्यांत पडून आहेत. एखादी ऐकवतो म्हटलं की लोकांना शेवटची एसटी आठवते.

यंदा माझी निवृत्ती आली. वाटलं, आता एकदा तरी माझ्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी चार ओळी लिहाव्यात. वेड्यावाकड्या असल्या तरी चालतील. तेवढीच इच्छा होती.

आठ दिवस आधी हेडमास्तर स्टाफरूममध्ये आले.

"सर, तेवढं मानपत्र लिहून द्या की."

"कुणाचं?"

"तुमचंच. आपल्यात दुसऱ्या कुणाला जमतंय का? तुमच्या लिहिण्याची सर कुणाला न्हाई."

राग आला. पण राग धरायलाही अंगात त्राण लागतं, ते आता उरलेलं नाही. घरी बायकोला सांगितलं. मेथी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "मंग लिहा की. लोकाचं लई लिहिलंत, आपलं लिहायला काय झालं?"

बसलो लिहायला. हात आपोआप चालला. सेवाभावी, विद्यार्थिप्रिय, कर्तव्यनिष्ठ. मागच्या वर्षी शिपायाच्या निरोपाला वापरलेली विशेषणंच मला बरोबर बसली. शेवटी मात्र एक खरं वाक्य घातलं: 'सरांनी जन्मभर कविता लिहिल्या, त्यातली एकही आपण कुणी वाचलेली नाही.'

हे वाचून हेडमास्तर तरी काही बोलतील, असं वाटलं होतं. त्यांनी कागदाचा फोटो काढून अहमदपूरच्या फ्रेमवाल्याला व्हॉट्सॲप केला आणि म्हणाले, "झकास!" तीन दिवसांनी फ्रेम आली.

निरोपाच्या दिवशी एका तरुण शिक्षकाने मानपत्र वाचायला घेतलं. मीच कधीतरी शिकवलं होतं तसं, आवाज चढवून, ठेक्यात. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. शेवटचं वाक्य जवळ आलं तसा मी खुर्चीत सावरून बसलो. आता तो अडखळेल, मंडपात कुणीतरी मान वर करून माझ्याकडे बघेल.

तो अडखळला नाही. "त्यातली एकही आपण कुणी वाचलेली नाही!" असं त्याने सगळ्यात वरच्या पट्टीत म्हटलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मी सवयीने उठून हात जोडले.