काही न हरवता सरांकडे

मी मूळचा परभणीचा. कॉलेज अर्ध्यात सोडून हिंडत हिंडत चिंचवडला उतरलो, तो स्टेशनाबाहेरच्या भज्यांच्या वासानं. ती भजी पुढं कुठंच मिळाली नाहीत, पण ते असो. आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटर रूममध्ये मशीनवर माहितीच्या टेपा लावायला माणूस हवा होता. काचेपलीकडे, एसीच्या गारठ्यात, स्वेटर घातलेले सबनीस सर पडद्यासमोर एकटेच बसले होते. मला पाहून म्हणाले, "काय हरवलं?"

"काही नाही. कामावर आलोय."

सरांना त्याचं नवलच वाटलं.

कारण नंतर कळलं. त्या खोलीत सहज कुणी येत नसे. चपला बाहेर काढाव्या लागत, गप्पांना जागा नव्हती. फाइल सापडेनाशी झाली, की मात्र लोक धावत येत. मशीनला नुसतं 'शोध' म्हणून भागत नाही. कुठं शोधायचं, कधीची फाइल, नावातलं काय आठवतं, हे टाइप करून सांगावं लागतं. सर ते सगळं समोरच्या माणसाकडून हळूहळू काढून घेत. कुणाला ओशाळं वाटू देत नसत.

एकदा प्लॅनिंगचे कांबळे धापा टाकत आले. नव्या गिअरची मापं त्यांनी मशीनमध्ये भरली होती आणि फाइलचं नाव विसरले होते. गिऱ्हाईक साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसलेलं. कांबळ्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती.

"सर, मशीननं गिळली हो फाइल!"

"मशीन गिळत नाही, कांबळे. नाव काय दिलं होतंत?"

"ते आठवलं असतं तर चपला काढल्या असत्या का?"

"बरं, नाव सोडा. त्या दिवशी कॅन्टीनला काय होतं?"

"आँ? मटकी. काय खारट होती राव!"

"म्हणजे बुधवार."

सरांनी कांबळ्यांच्या खात्यातल्या, बुधवारी बदललेल्या तेवढ्याच फायली मागवल्या. पडद्यावर मोजकी नावं उमटली.

"हीच, सर! घाईत नुसतं 'नवीन' टाकलं होतं."

कांबळे अनवाणीच पळाले. सरांनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला होता. चपला न्यायला कांबळे परत आले, तेव्हा दाराबाहेरूनच "उपकार झाले, सर" म्हणून गेले. दुसरा कप मी प्यायलो. गार झाला होता.

मधे मी काम सोडून काही महिने कोकणात भटकून आलो. परतलो, तर मशीनमध्ये माझं नाव तसंच.

"पुसलं नाहीत, सर?"

"फिरायलाच गेला होतास ना? मग पुसायचं कशाला?"

मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

या महिन्यात सरांना साठ पूर्ण होऊन ते निवृत्त होताहेत. निगडीच्या प्राधिकरण वसाहतीतल्या घरी ते एकटेच राहतात. तिथं मशीन नाही, त्यामुळं काही हरवलं म्हणूनही आता कुणी जाणार नाही, याचीच मला काळजी वाटते. परवा रविवारी गेलो. दार उघडून सर सवयीनं म्हणाले, "काय हरवलं?"

"काही नाही, सर. सहज आलो."

सर लगबगीनं आत गेले. कप धुतल्याचा आवाज आला.

सरांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. आणि कंपनीचा हा अंक वाचणाऱ्या आपणा सर्वांना विनंती, की एखाद्या रविवारी निगडीची बस पकडा. काही हरवण्याची वाट बघू नका. चहा गरम असेल.