दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं गाणं

दहावीचा निकाल लागला तेव्हा मला दादापेक्षा जास्त मार्क होते. ही गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पार्ल्याला कॉलेजात कॉमर्सला होता. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते जोगेश्वरीतल्याच एका प्लास्टिकच्या कारखान्यात लागले होते. दोघांचं कॉलेज झेपणार नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. एक दिवस आई म्हणाली, "आंबोलीत एक ख्रिश्चन बाई शिवण शिकवतात. चांगल्या आहेत म्हणे." तेव्हाच मला कळलं की आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

तरी मी बोलले. जाणार नाही म्हणाले, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईने बांगडे तळले आणि माझा संप फुटला.

त्या बाईंचा पत्ता दादानेच आणला होता, आणि नंतर त्याला त्याचा भयंकर पश्चात्ताप झाला. कारण तो स्वतः दर शनिवारी दुपारी त्याच घरी जायचा.

त्या बाईंना सगळे आंटी म्हणायचे. त्या आंबोलीच्याच. लग्नाचे पांढरे गाऊन शिवण्यात त्यांचा हात धरणारं अंधेरीत कुणी नव्हतं. त्यांचा एकुलता मुलगा बोटीवर होता. जाताना तो रेकॉर्ड प्लेअर, दोन मोठे स्पीकर आणि दोन पेट्या भरून इंग्रजी रेकॉर्ड आईच्या गळ्यात मारून गेला होता. वर ताकीद, की प्लेअर बंद ठेवलास तर खराब होईल, माझ्या मित्रांना वाजवू दे. त्या मित्रांतला एक दादाच्या वर्गात. अशी ती चार पोरं जमायची. दादा, एक चष्मेवाला, एक मुलुंडहून येणारा आणि एक फक्त आंटींच्या हातचं खायला येणारा.

पुढच्या खोलीत रेकॉर्ड, मागच्या खोलीत शिवण, मध्ये पडदा. मी पडद्याच्या मागे.

त्या पोरांचं एकाच बँडवर प्रेम होतं. विलायतेतला जुना बँड, दोन सख्ख्या भावांचा. थोरला गाणी लिहायचा आणि गायचा. धाकटा गिटार वाजवायचा. दोघांचं अजिबात पटायचं नाही. मुलुंडचा मुलगा रद्दीतली इंग्रजी मासिकं वाचून यायचा आणि भावाभावांच्या भांडणाच्या बातम्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या असाव्यात तशा सांगायचा. आंटींच्या मुलाकडे त्या बँडचे अकरा अल्बम होते. पोरं ते ओळीने लावायची आणि मग वाद घालायची. मुलुंडकराला सुरुवातीचे दणदणीत अल्बम आवडायचे. दादाला मधला एक संथ अल्बम, ज्यात थोरल्या भावाने आपल्या देशातल्या हरवत चाललेल्या खेड्यांवर गाणी लिहिली होती.

"थोरला म्हणजेच बँड," दादा म्हणायचा. "धाकट्याच्या जागी कुणीही चाललं असतं यार. गिटार वाजवणारे छप्पन्न मिळतात."

मी आत बसून काजं करत असायची. सुई बोटात घुसायची.

त्या धाकट्याला जवळजवळ प्रत्येक अल्बमवर एखादं गाणं मिळायचं. स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं. आणि ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं. ते आलं की दादा उठायचा, सुई उचलायचा आणि पुढच्या गाण्यावर ठेवायचा. "भावाचे लाड," म्हणायचा आणि सगळे हसायचे. आत मला त्या गाण्याची पहिली चार सेकंदं ऐकू यायची, मग खर्र, मग थोरला.

एका मंगळवारी मी आंटींना विचारलं, "ते गाणं पूर्ण लावू?"

"लाव गो पोरी. पन सुई हलक्या हातानं ठेव. मोडलीस तर तो बोटीवरून उडी मारून येल."

मी लावलं. धाकट्याचा आवाज चिरका होता, वरच्या सुरात जरासा फाटायचा. सगळे शब्द मला कळले नाहीत. पण एवढं कळलं की हा माणूस खूप दिवस गप्प बसवलेला आहे आणि मिळालेल्या तीन मिनिटांत त्याला सगळं सांगून टाकायचंय. मी ते गाणं लागोपाठ चार वेळा लावलं. चौथ्या वेळी आंटी म्हणाल्या, "आता बस. माझा गाऊन वाट बघते."

त्यानंतर ज्या दुपारी काम लवकर उरकायचं, त्या दुपारी मी एक अल्बम काढायची. दीड महिन्यात अकराच्या अकरा झाले. धाकट्याची गाणी नऊ निघाली. मग आंटींच्या टू-इन-वनवर एका कोऱ्या कॅसेटमध्ये ती नऊ गाणी मी ओळीने भरून घेतली. कुठलं आधी, कुठलं नंतर, यावर चार दिवस घालवले. टू-इन-वन स्पीकरसमोर स्टुलावर ठेवून भरायची, त्यामुळे बाहेरचं सगळं त्यात यायचं. एका गावठाणातल्या नवरीचा गाऊन तातडीने हवा होता म्हणून आंटी मशीन थांबवू शकत नव्हत्या, आणि तिसऱ्या गाण्यात मशीनचा खडखडाट आला. कव्हरवर मी पेनाने लिहिलं, धाकट्याचा अल्बम.

पुढच्या शनिवारी मी पडदा सारून बाहेर गेले.  पोरं वळून बघायला लागली.

"काय गं?" दादाने विचारलं. "चहा झाला?"

"चहा नाही. मला बोलायचंय. तुम्ही धाकट्याची गाणी ऐकताच नाही. न ऐकता मत कसं देता?"

चष्मेवाला हसला. दादा हसला नाही. "तू आत जा."

"मी नऊच्या नऊ ऐकलीत. तू किती ऐकलीस?"

"ऐकायची गरज नाही."

"मग गरज नसलेल्या गोष्टीवर बोलू नकोस ना."

मुलुंडचा पोरगा म्हणाला, "लाव की, बघू." मी कॅसेट लावली. दोन गाणी नीट गेली. तिसऱ्यात मशीन सुरू झालं आणि खायला येणारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "हा कुठला बँड? शिवणक्लास?" दादाने बटण दाबून कॅसेट बंद केली, माझ्या हातात दिली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "झालं समाधान? जा आता."

मी गेले. रडले नाही. रडू आलं होतं, पण गाऊनवर डाग पडला असता.

घरी ठेवलेली ती कॅसेट चार दिवसांनी मी आंटींकडे नेऊन पुन्हा लावली, तर आतून दादा बोलायला लागला. इंग्रजीत. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण होतं, देशाच्या तरुणांच्या जबाबदारीवर. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणून त्याने माझ्या कॅसेटवर सराव केला होता. एक बाजू पूर्ण भरलेली. मी शेवटपर्यंत ऐकली, एखादं गाणं वाचलंय का बघायला. वाचलं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आल्यावर मी कॅसेट त्याच्यासमोर धरली.

"कोरी वाटली," तो म्हणाला.

"वर लिहिलं होतं."

"मला दिसलं नाही."

"तुला माझं काहीच दिसत नाही!"

मग जे व्हायचं ते झालं. आमची खोली एवढीशी, भांडायलाही जागा नव्हती. मी त्याच्या शर्टाचा खिसा फाडला, त्याने माझी वेणी ओढली. आई मध्ये पडली. "एका कॅसेटसाठी काय गं भावाशी भांडतेस!" बाबा तेवढ्यात कामावरून आले. त्यांनी चप्पल काढली, पाणी प्यायले आणि विचारलं की झालं काय.

दादाने सांगितलं. इंग्लंडमधले दोन भाऊ, थोरला सगळं करतो, धाकटा उगाच कटकट करतो, आणि ही त्या धाकट्याची बाजू घेते. त्याला वाटलं बाबा हसतील.

बाबा स्वतः चार भावांत धाकटे. गावचं घर, बाग, आंब्याची कलमं, सगळ्याचा निर्णय थोरले काका घ्यायचे आणि बाबांना पत्राने कळवायचे. बाबा शांतपणे म्हणाले, "थोरल्यान घर सांबाळल्यान म्हणान धाकट्यान तोंड शिवन घेवचा काय?"

 बाबा हात धुवायला गेले. त्यांनी दादाला माफी मागायला लावली नाही. मला त्यांनी मुळीच न्याय दिला नाही. पण आपल्या घरात कुणीतरी हे वाक्य बोललं, एवढ्यानेही मला बळ आलं.

दुसऱ्या दिवशी मी आंटींना सगळं सांगितलं. त्या तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाल्या, "प्लेअर माझ्या घरात हाय ना? मग शनिवारी तू लावायचं. बघतंय कोण आडवतो ते."

पुन्हा कॅसेट भरण्याच्या फंदात मी पडलेच नाही. शनिवारी पोरं यायच्या आधी नऊ रेकॉर्ड काढून, क्रम लावून प्लेअरशेजारी ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसले. पोरं आली. दादा दारातच थांबला.

"आज मी लावणार," मी म्हटलं. "नऊ गाणी. मध्ये कुणी उठायचं नाही. नंतर शिव्या द्या."

"हिला कोण सांगतंय इथे बसायला?" दादाने मित्रांना विचारलं.

"मी," पडद्यामागून आंटी म्हणाल्या, आणि मशीन बंद केलं. भर हंगामात, शनिवारी दुपारी. त्या नऊ गाण्यांत मशीन एकदाही वाजलं नाही.

मी सुई ठेवत गेले. दर गाण्याला रेकॉर्ड बदलायची, पुसायची, कडेच्या चरापासून मोजत यायचं. माझा हात एकदाही चुकला नाही. चौथ्या गाण्यानंतर दादा उठला आणि चपला घालून निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही, मीही नाही. सातव्या गाण्यानंतर मुलुंडचा म्हणाला, "हे परत लाव." मी परत लावलं.

संपल्यावर मतं घेतली. मुलुंडकर माझ्या बाजूने, चष्मेवाला विरुद्ध. चौथ्याने सांगितलं की त्याला दोन्ही भाऊ सारखेच वाटतात आणि आज केक आहे का. म्हणजे मी जिंकलेही नाही. चष्मेवाला म्हणाला, "गाणी बरी आहेत, पण थोरल्याच्या पासंगालाही पुरत नाहीत." मी म्हटलं, "असू दे. ऐकून म्हणालास ना, तेवढं बास." माझं मत काही बदललं नाही आणि त्याचंही नाही. पुढच्या शनिवारी मी परत त्याच खुर्चीवर जाऊन बसले. कुणी चहा मागितला की म्हणायची, "तूच कर. मला पण आण."

दादा दोन महिने तिकडे फिरकला नाही. घरात माझ्याशी बोलत नव्हता. मीठ हवं असलं तरी आईकडून मागवायचा. आई म्हणायची, "तूच बोल गं आधी, लहान आहेस." लहान आहे म्हणूनच मी बोलले नाही.

त्याच दिवसांत मी बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला आणि बाबांसमोर सहीला ठेवला. दिवसा शिवण, सकाळी अभ्यास. दादाने तेव्हा दोन महिन्यांचं मौन सोडलं.

"आता हे पण?"

"हो. हे पण."

बाबांनी सही केली. आई म्हणाली, "कर काय ते. पण काजं चुकली तर आंटी ओरडतील." काजं चुकली नाहीत. बारावी झाली, पुढे बीएसुद्धा बाहेरूनच झालं. बीएला एकदा इतिहासात नापास झाले, तो पेपर दुसऱ्यांदा दिला.

दादा पुढे एका शिपिंगच्या ऑफिसात लागला, त्याचं लग्न झालं, बोरिवलीला घर घेतलं. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. त्याच्या मुलीच्या बारशाला मी झबली शिवून नेली होती. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं गॅलरीत उभे होतो. समोर डोंगर दिसत होता. तो अचानक म्हणाला, "कॅसेट मला कोरी वाटली नव्हती."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"वर लिहिलेलं वाचलं होतं मी. मुद्दाम केलं." मग म्हणाला, "घरात माझं असं काय होतं गं? बाबांची नोकरी गेल्यावर सगळे माझ्याच तोंडाकडे बघायचे. आठवड्यातून एक दुपार ती काय माझी होती. तिथेही तू आलीस."

मला ते समजलं. आधी कधी त्याच्या बाजूने विचार केला नव्हता, तो तेव्हा केला. एकोणीस वर्षांचा पोरगा, सगळ्या घराच्या आशा डोक्यावर. वाईट वाटलं.

"आणि माझी कुठली दुपार होती?" मी विचारलं.

तो दोरीवरची दुपटी उगाच नीट करायला लागला.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," मी म्हटलं. "पण मी आले ते बरोबरच केलं. परत तशी वेळ आली तर परत येईन."

तो हसला, आणि लगेच म्हणाला, "तरी पण थोरल्याशिवाय तो बँड नव्हता हं."

"आणि धाकट्याशिवाय तो कुणी ऐकला नसता."

आतून वहिनीने विचारलं, तुम्ही भांडताय का? आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, हो.