वडीच्या कोपऱ्यावरची खाच

रात्रभर आभाळ दाटून राहिलं आणि पहाटे कोरडंच निघून गेलं. मागं राहिलं ते वारं. हरणाबाईनं वाऱ्याला पाठ देऊन चूल पेटवली. वारं चढायच्या आत शेंगदाणे भाजून काढायचे होते. एकदा आच हलायला लागली की दाणा एका अंगानं करपतो आणि दुसऱ्या अंगानं कच्चा राहतो, आणि तसल्या दाण्याची वडी हरणाबाईनं उभ्या जन्मात केली नव्हती.

ही शेवटची वडी. पुढची कराडात, गॅसवर. दुपारच्या आत व्यापारी लालासाहेब टेम्पो घेऊन येणार होता, उरलेली अकरा मेंढरं न्यायला. ती गेली की परवाच्या एसटीनं हरणाबाई पोराकडं निघणार, कायमची.

जयराज दोन वर्षं मागं लागला होता. कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, दोन खोल्यांचं घर. ‘आई, गुडघं गेलं तुझं. मेंढरं काढ आणि इकडं ये.’ हरणाबाई न्हाई म्हणायची. गणपतीत मात्र ओढ्याच्या काठावर पाय मुडपून पडली, तासभर कुणी आलं नाही, मेंढरंच भोवतीनं उभी राहिली. त्या दिवशी तिनं फोनवर व्हय म्हणून टाकलं.

पण व्हय म्हणायला खरं बळ दिलं ते डब्यानं.

तिची वडी धनगरवाड्यात नाव घेण्याजोगी. भाजलेल्या दाण्याची फोलपटं काढून दाणे उखळात घालायचे आणि कांडायचे. कूट झाला म्हणून थांबायचं नाही. दाण्याला तेल सुटून तो लोण्यासारखा सैल होईस्तोवर मुसळ चालू. सून रेश्मा हिनं एकदा कराडात दुकानातली बरणी दाखवली होती, “आत्या, हे पीनट बटर. आमी रोज हेच खातो, पावाला लावून.” हरणाबाईनं बोट घालून चाखलं आणि हसली, “आगं, हे तर माझ्या उखळातलं. गूळ घालायच्या आधीचं.” रेश्मा हसली नव्हती, पण ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग गूळ बारीक चिरून तुपावर विरघळवायचा, त्यात तो दाणा घोटायचा, ताटात थापायचं. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. कोमट असतानाच सुरी फिरवायची, पण झाकायचं नाही. वर नुसतं फडकं. गरम वडीवर झाकण पडलं की ती घामेजते आणि आठ दिवसांत बुरशी धरते. पार गार झाल्या की डब्यात, दोन थरांच्या मधी कागद, आणि डबा जोंधळ्याच्या कणगीत गळ्यापर्यंत पुरून ठेवायचा. दोन महिने वडीला काही होत नाही. मेंढरं घेऊन लांब उतरायचे तेव्हा तिचा नवरा गुंडा ह्याच वड्यांवर मुलूख पालथा घालायचा.

गुंडा कोकरांच्या कानाला खाच पाडायचा. एका सालाची एक खाच, दुसऱ्या सालाची दोन. अंधारातही कान चाचपून मेंढरू कवाचं ते सांगायचा. हरणाबाईनं तीच रीत वडीला लावली. सालातला पहिला घाणा, प्रत्येक वडीच्या कोपऱ्यावर नखानं एक खाच. दुसऱ्याला दोन. जुनी आधी खायची, नवी मागनं, म्हणजे खवट व्हायची धास्ती नाही. यंदा चार घाणे झाले होते. संक्रांतीला, शिमग्याला, आखाडात, गणपतीत. चारही वेळा वडीचा एकेक थर घालून डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती कराडला गेला होता.

आणि डबा कधी रिकामा परत यायचा नाही. भांडं रिकामं धाडायचं नाही, ही रीत सुनेनं पाळली. कधी साखर, कधी चहापूड, एकदा बिस्किटाचे पुडे. हरणाबाई ते बिस्कीट चहात बुडवायची आणि वाटायचं, आपल्याला जागा हाय तिथं.

दाणे भाजून ताटात ओतते न ओतते तोच दहाची गाडी आली. कंडक्टरनं खिडकीतनंच डबा खाली दिला. “मावशे, जड हाय बरं का ह्या खेपेला!”

दारात बसूनच तिनं झाकण काढलं. डोळ्यांवर सारा येऊन सगळं धूसर झालेलं, पण एवढं दिसलं. वड्या! डबा भरून वड्या!

“चंद्रे! ये चंद्रे!” तिनं शेजारणीला हाळी दिली. “बघ की गं, सुनेनं वड्या केल्या! माझं बघून शिकली बाई!”

चंद्राबाई शेणाचे हात पदराला पुसत आली. “तुझी सून? ती तर चहाबी विकतचा पीत व्हती म्हणत व्हतीस.”

“जळू नगंस. घे, तोंड गोड कर.”

चंद्राबाईनं वरचीच एक उचलली आणि निम्मी तोंडात टाकली. दोनदा चावली, मग थांबली. बाजूला तोंड करून थुंकली.

“काय झालं गं?”

“खवट हाय.” चंद्राबाईनं उरलेला तुकडा डोळ्यांपुढं धरला. तिचे डोळे अजून शाबूत होते. “हरणे, तुझी सून कोपऱ्याला खाच कवापासनं पाडाया लागली?”

हरणाबाईनं डब्यात हात घातला. बघायची गरज नव्हती. अंगठा कोपऱ्यावरनं फिरला. एक खाच. दुसरी उचलली, एक खाच. कागद सारला, खालच्या थरात हात घातला. दोन. दोन. त्याच्या खाली तीन. तळाला चार खाचांच्या, त्या अजून मऊ होत्या. संक्रांतीपासनं गणपतीपर्यंतचं तिचं सालभराचं कांडण जसंच्या तसं परत आलं होतं.

डबा रिकामा धाडायचा नाही म्हणून बाईनं घरात पडलेलं भरून दिलं होतं. रीत पाळली होती.

“फोन लाव मला,” हरणाबाई म्हणाली. चंद्राबाईनं लावून दिला.

“आई, डबा मिळाला?” जयराजचा आवाज घाईतला. “रेश्मानं वड्या केल्यात तुझ्यासाठी. मी बघितलं की भरताना.”

“तू खाल्लीस का त्यातली?”

“मी कुठं? सगळ्या तुलाच धाडल्या.”

“आन् मी धाडत व्हते त्या?”

“त्या व्हय? त्या काय उरत्यात का! दोन दिवसांत संपत्यात. लय भारी असत्यात आई.”

ह्याच पोराला गुंडानं मांडीवर बसवून कोकराच्या कानाची खाच चाचपायला शिकवलं होतं.

“लालासाहेब आला का? मेंढरं गेली का?”

“येतोय,” म्हणाली आणि फोन चंद्राबाईच्या हातात दिला.

“सांगितलं का न्हाईस गं त्याला?”

“काय सांगू? खोटं बोलताना अडखळला असता तर सांगितलं असतं.”

चंद्राबाईनं डब्याकडं मान केली. “मेंढरांस्नी तरी घाल.”

“खवट दाणा मेंढरालाबी चालत न्हाई. पोट फुगतं.”

डबा घेऊन ती उकिरड्याकडं गेली, मागनं चंद्राबाई. खड्डा केला, वड्या ओतल्या, चार खाचांच्या सुद्धा, आणि वर शेण ओढलं. दोघी परत येताहेत तोवर टेम्पो दारात.

“काय मावशे, तयारी झाली?” लालासाहेब खाली उतरला. “मेंढरं वळवा, ऊन व्हायच्या आत निघतो.”

“मेंढरं द्यायची न्हाईत.”

“आं? सकाळी फोनवर व्हय म्हणालीस की!”

“सकाळी म्हणलं व्हतं.”

“आन् कराड?”

“कराड हाय तिथंच हाय.”

लालासाहेबानं वाड्यातली मेंढरं बघितली, मग तिचे गुडघे. “मावशे, उन्हाळ्यात ह्यांच्या मागं कोण पळणार? मला बोलवायलाच लागंल तुला. तवा असला भाव मिळायचा न्हाई.”

तो खरं बोलत होता, आणि तिलाही ते ठाऊक होतं. “तवाचं तवा,” ती म्हणाली.

टेम्पो गेल्यावर चंद्राबाई थोडा वेळ उभी राहिली. “जायाला पायजे व्हतंस,” एवढंच म्हणाली आणि आपल्या शेणाकडं गेली.

हरणाबाईनं डबा राखेनं घासला. तेलाचा वास निघेना, म्हणून पुन्हा घासला, आणि भिंतीवर उन्हात पालथा घातला. वाड्यात मेंढरं ओरडत होती, आज त्यांना उशीर झाला होता. पण ताटात भाजलेले दाणे गार होऊन बसले होते, आणि फोलपट आत्ताच काढलं नाही तर दाणा सर्दावून ते धरून बसतं. ती खाली बसली, गुडघा लांब केला, दोन्ही तळव्यांत दाणे घेऊन चोळायला लागली. वारं होतंच. सूप नुसतं हलवलं तरी फोलपटं अंगणभर उडत होती.